तालमीतला गूळ

कुठून सुरू करू तेच कळत नाही राजेहो! आधी चहा पिऊन घ्या बरं. मधेच कोणाला ठसका लागला तर मी जबाबदार नाही. ही गोष्ट आजवर दोघांनाच माहीत आहे. एक मी, दुसरी माझी आई. आता तुम्ही. याच्या पुढं गेली तर मला उमरखेड सोडावं लागेल, एवढं ध्यानात ठेवा.

लोक छत्री विसरतात, चष्मा विसरतात. मी समोर उभं असलेलं माणूस बघायला विसरलो. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चांगले दोन महिने!

तहसीलमध्ये आवक-जावक सांभाळणारा हा मोहन तुम्हाला माहीत आहे. वय चव्वेचाळीस, लग्न नाही. काहून नाही, हे विचारून विचारून लोक थकले. खरं कारण मी कधी सांगितलं नाही, आज सांगतो. दहा वर्षांचा असताना मी नीलप्रभेच्या प्रेमात पडलो.

आजच्या पोरांना हे नाव माहीत नसणार. काळ्या-पांढऱ्या पडद्यावरची नटी. उणेपुरे आठ सिनेमे. पाचांत नायिकेची मैत्रीण, दोनांत नायिकेची बहीण, आणि एकात मात्र अख्खी नायिका. तो सिनेमा एका रविवारी संध्याकाळी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर लागला होता. त्यात ती गच्चीवर उभी राहते, केसातलं फूल काढते आणि सरळ आपल्याकडे बघते. आपल्याकडे म्हणजे माझ्याकडे! त्या खोलीत पंचवीस माणसं दाटीवाटीनं बसली होती, पण ती बघत होती माझ्याकडेच. याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

आणि गंमत अशी, की ही नीलप्रभा आपल्याच तालुक्यातली. इथून दोन-तीन कोसांवरच्या बंजारा तांड्यात जन्मली. खरं नाव सोनी. लखू नावाच्या पोराशी तिची सोयरीक झाली होती. मग जत्रेत फोटो काढणारा एक माणूस आला, त्यानं सोनीचा फोटो मुंबईला नेला, आणि मागोमाग सोनीही गेली. पुन्हा कधी आली नाही. तिकडेच एका निर्मात्याशी लग्न केलं, तिकडेच वारली.

तिच्याबद्दल मला काय माहीत नाही ते विचारा! केसाला माक्याचं तेल लावायची. विजेला भ्यायची. कारलं खायची नाही. झोपताना उशी पायथ्याशी घ्यायची. ऑफिसात कागदावर शिक्का मारता मारता मी तिच्यासोबत कुठल्या कुठं जायचो. एकदा तर पाणीटंचाईच्या अर्जावर 'प्रेषक' म्हणून मी नीलप्रभा लिहिलं आणि अर्ज तसाच साहेबांच्या टेबलावर गेला!

तर आमच्या नाट्यमंडळानं यंदा काहीतरी करायचं ठरवलं, तेव्हा मी फडताळातून वही काढली. तिच्या आयुष्यावरचं नाटक. 'सोनी ते नीलप्रभा', दोन अंकी. लेखक मीच, दिग्दर्शकही मीच.

पण नायिका कुठून आणायची? कॉलेजच्या पोरी बघितल्या, शिक्षिका बघितल्या. कोणाच्याच डोळ्यांत ती गच्ची दिसेना. असाच हताश होऊन एका सकाळी एसटीनं पुसदला निघालो होतो. कंडक्टर बाई दारात लटकलेल्या एका माणसावर कडाडली, "ओ भाऊ, दांड्याले कायले लोंबकळून राह्यले? घरी पोरंसोरं नाहीत का? अंदर सरका!" त्या आवाजानं खिडकीच्या काचा थरथरल्या. मग ती वळली, कपाळावरचे केस मागे सारले आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

संपलं! बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पळस फुलला होता. बस चालली होती की तरंगत होती, सांगता येत नाही. बऱ्याच वेळानं मी धीर करून विचारलं, "बाई, नाटकात काम कराल?"

"ते मंग पाहू. आधी तिकीट काढा जी," ती म्हणाली. "पुसद गेलं मांगं. आता दिग्रस येऊन राह्यलं."

ही सविता. माहेर त्याच तांड्यातलं, सोनीच्याच. आता हा योगायोग म्हणायचा की संकेत? मी संकेत म्हटलं. तिनं पुढं वाकून ड्रायव्हरला विचारलं, "काय जी, नाटक करू का? ड्युटीचं जमन?" ड्रायव्हर मान न वळवता म्हणाला, "कर की. जमवू." मला एसटीच्या शिस्तीचं फार कौतुक वाटलं.

तालमी सुरू झाल्या. रोज संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये. सविता यायची आणि तिच्यासोबत तो ड्रायव्हरही यायचा, किसन त्याचं नाव. एकाच बसवरून उतरणारी माणसं सोबतच येणार ना? यात विचार करण्यासारखं काय आहे? किसन शेवटच्या बाकावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा. गरज पडली तर पडदा ओढायचा. चांगला माणूस.

पहिल्याच दिवशी मी माझे नियम सांगितले. दिग्दर्शकाला पद्धत पाहिजे. पहिला नियम, पोस्टरवर श्री., सौ., कु. असलं काही लागणार नाही. कलाकाराला फक्त नाव असतं. दुसरा नियम, सगळं खरं पाहिजे. भाकर खायची तर खरी, भांडायचं तर खरं. आणि तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. तो मी टेबलावर हात आपटून सांगितला.

"प्रयोग होईपर्यंत सगळ्यांनी एकमेकांना पात्राच्याच नात्यानं हाक मारायची. हॉलमध्ये असो, बाजारात असो, बसस्टँडवर असो. ओळखच विसरायची स्वतःची!"

हा नियम लक्षात ठेवा राजेहो. मी नाही ठेवला.

मग मी सविताला म्हटलं, "सोनी कुमारी आहे. गळ्यात काही नको." तिनं मंगळसूत्र काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "सर, सांभाळून ठेवा जी. जोखीम हाय."

आणि मी काय समजलो, सांगू? दुसऱ्या अंकात नीलप्रभेचं निर्मात्याशी लग्न होतं. तिथं मंगळसूत्र लागतं. मी मनात म्हटलं, काय तयारीची बाई आहे! दुसऱ्या अंकाची प्रॉपर्टी पहिल्याच दिवशी घरून घेऊन आली! रोज तालीम सुरू झाली की ते माझ्या शर्टाच्या खिशात, तालीम संपली की तिच्या हातात. दोन महिने ते मंगळसूत्र माझ्या छातीला लागून होतं. हसू नका. पुढं ऐका.

प्रयोगाला तीन आठवडे उरले आणि लखूचं काम करणाऱ्याची वणीला बदली झाली. आता ऐनवेळी लखू कुठून आणायचा? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आधी नाही म्हटलं, एकदाच. मग संध्याकाळी केस काळे करून आलो.

पण मी लखू म्हणून उभा राहिलो की दगड! निरोपाचा प्रसंग होता. सोनी मुंबईला निघते आणि लखू तिला म्हणतो, "जाय सोनी. तांड्याले सांगीन, गूळ मी एकट्यानंच खाल्ला व्हता." नाटकाचा जीव त्या वाक्यात. लिहिताना मी स्वतः रडलो होतो. पण बोलताना मात्र ते वाक्य तोंडातून असं निघायचं, जसं कोणी सरकारी परिपत्रक वाचून दाखवतंय. शेवटच्या बाकावरून किसन म्हणायचा, "सर, जरा दुःख घाला ना जी."

आता ते गुळाचं काय, ते सांगायला पाहिजे. बंजारा समाजात सोयरीक ठरली की नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, आणि पंच बसतात, तांड्यात गूळ वाटतात. त्यांच्यासमोर दोन्हीकडच्यांनी गूळ खाल्ला की बोलणं पक्कं. पहिल्या अंकात हाच प्रसंग होता. आणि माझा नियम काय? सगळं खरं पाहिजे! म्हणून मी ठरवलं, ही तालीम हॉलमध्ये नाही, तांड्यात करायची. नायकाचं काम खऱ्या नायकानं करायचं.

तांड्याचे धनसिंग नायक म्हणजे सविताचे काका. ते आणि त्यांची बायको मथरीबाई हौसेनं तयार झाले. मी बाजारातून गुळाची अख्खी भेली घेतली आणि रविवारी दुपारी तांड्यावर गेलो.

त्या दुपारचं काय सांगू! लिंबाखाली सतरंजी. पंच म्हणून बसलेली पांढऱ्या मिशांची माणसं. ओसरीत बायका, अंगणात पोरंच पोरं. ऊन असं कलतं, की माणूस थोडा पारदर्शक होऊन जावा. सविता डोक्यावर ओढणी घेऊन मान खाली घालून बसली. नायकांनी गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला. माझ्या संहितेत त्यांचं वाक्य होतं, 'आजपासून पोरगी तुमची.' त्यांनी ते त्यांच्या बोलीत म्हटलं, "आजेती छोरी तमार!" आणि मला उराशी घट्ट धरलं.

उराशी धरायचं मी लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात सवितानं मान वर केली. तीच नजर, केसातलं फूल काढल्यानंतरची. तोंडात गूळ विरघळत होता आणि मी कुठं आहे, कोण आहे, साल कोणतं आहे, काही समजत नव्हतं. खरं सांगतो, आयुष्यात इतकं छान मला कधी वाटलं नाही.

सोमवारी ऑफिसात मी हे सगळं रंगवून सांगत होतो. पुरवठा विभागातले शिरभाते ऐकत होते. शिरभात्यांना जगातलं सगळं माहीत असतं, आणि सगळं थोडं थोडं माहीत असतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"खऱ्या नायकासमोर खाल्ला?"

"हो."

"खऱ्या तांड्यात? खऱ्या पंचासमोर? खरा गूळ?"

"हो ना! कोल्हापुरी!"

"मंग कायचं नाटक बाप्पा!" शिरभाते म्हणाले. "लगन पक्कं झालं तुमचं! आता नाही म्हणसान तं तांड्याचा शब्द मोडते. नाटकही गेलं अन् नायिकाही गेली."

मी हसलो. शिरभाते मात्र हसले नाहीत.

मंगळवारी बाजारात भाजी घेत होतो. पलीकडच्या ओळीतून मथरीबाईंची हाक आली, "ओ जमाई! वांगे कायले घेता, घरचे पाठवतो ना!" अख्खा बाजार माझ्याकडे बघायला लागला. माझ्या हातातलं वांगं खाली पडलं.

बुधवारी धनसिंग नायक एका शिंप्याला घेऊन ऑफिसात आले. शिंप्यानं सगळ्यांदेखत माझ्या छातीचं, हाताचं माप घेतलं. "रविवारच्या कार्यासाठी अंगरखा शिवून राह्यलो," नायक म्हणाले. "अन् जमाई, तुमच्याकडून किती माणसं येतीन? बसायची सोय करा लागते."

रविवारी प्रयोग होता हो! अंगरखा लखूचा होता, आणि बसायची सोय प्रेक्षकांची! पण हे तेव्हा सुचलं असतं तर मी आज तुमच्यासमोर असा बसलो असतो का? शिरभाते टेबलापलीकडून माझ्याकडे बघून नुसती मान डोलवत होते. जणू म्हणत होते, बघा, सांगितलं होतं ना!

त्या दिवशी मी घाबरलो. काय करावं? स्पष्ट नाही म्हणावं, तर सविता नाटक सोडेल. आयुष्यभर जपलेली वही पुन्हा फडताळात जाईल. तांड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना वाईट वाटेल ते वेगळंच. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

आणि गुरुवारी सकाळी दाढी करताना माझ्या ध्यानात आलं, की मी गाणं गुणगुणतोय.

लपवत नाही. मला ते आवडायला लागलं होतं. चव्वेचाळीस वर्षांत मला कोणी जमाई म्हटलं नव्हतं. कोणी घरची वांगी पाठवली नव्हती. घरी यावं आणि दारात कोणीतरी, "इतका उशीर कायले केला?" असं एसटीच्या आवाजात ओरडावं, एवढी साधी गोष्ट. मी तिचाच विचार करत बसायचो. त्या विचारात आधी नीलप्रभा दिसायची, हळूहळू तिच्या खांद्याला तिकिटाचं मशीन लटकायला लागलं.

संध्याकाळी आईला सांगितलं. आई शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले. उठून तिनं कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून एक मोरपंखी साडी काढली. सुनेसाठी म्हणून घेतलेली, वीस वर्षांपूर्वी. घडीवरून हात फिरवत म्हणाली, "घरी कोण कोण असतं रे तिच्या?"

"काका-काकू."

"आणखी?"

"आणखी काय? नीलप्रभेलाही काकानंच वाढवलं होतं."

आईनं माझ्याकडे बघितलं. "मी त्या मेलेल्या बाईचं नाही विचारत, मोहन."

मी म्हटलं, विचारतो. आणि विसरलो.

शुक्रवारी तालीम लवकर संपली. सविता बाकीच्यांसोबत कपडे बघत होती. किसन आणि मी पायरीवर बसलो होतो. मनात मावत नव्हतं, कोणाला तरी सांगायचंच होतं. नाव न घेता मी म्हटलं, "किसनभाऊ, एक विचारू? माझं लग्न जमतंय बहुतेक."

"अरे वा सर! हे तं लय चांगलं झालं! पोरगी कशी हाय?"

"स्वभावानं कडक आहे. आवाज मोठा आहे. पण मन फार चांगलं."

"आवाज मोठा?" किसननं खर्रा तोंडात टाकला. "सांभाळून सर. माह्या घरी तसंच हाय. पण सांगू का, अशा बाईच्या घरात माणसाले एकटं वाटत नाही."

"मला भीती वाटते हो."

"भेता कायले? तुमच्यासारखा सज्जन माणूस भेटते का कोणाले? काही अडचण आली तं मले सांगा. मी येतो मध्यस्थीले."

त्याचा हात मी दोन्ही हातांत धरला. असा मित्र नशीबवानालाच मिळतो, असं मी त्याला म्हटलंसुद्धा!

रविवार आला. हॉल भरला. निम्मा तांडा ट्रॅक्टरनं आला होता. पहिल्या रांगेत आई बसली होती. तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत मोरपंखी साडी, नारळ आणि तांदूळ. प्रयोग संपल्यावर तिथंच सुनेची ओटी भरायची, असं आमचं ठरलं होतं.

पहिला अंक झाला. गूळ खाल्ला, टाळ्या झाल्या. मध्यंतरात मी विंगेत घाम पुसत उभा होतो. एवढ्यात सात-आठ वर्षांची एक मुलगी आणि तिच्या मागून चार वर्षांचा एक पोरगा धावत आले आणि सविताच्या पायांना बिलगले. "याडी, भूक लागली!"

याडी म्हणजे आई. एवढी बोली मलाही येत होती.

मागून किसन डबा घेऊन आला. "पाहा ना सर, समोर तुमच्या आईपाशी बसवलं होतं, तं ऐकतच नाहीत. हिले पाह्यल्याबिगर राहातच नाहीत."

मी म्हटलं, "कोणाची?"

"काय?"

"मुलं. कोणाची?"

किसन गोंधळला. "आमची जी."

"तुमची आणि कोणाची?"

"सर, बरं हाय ना तुमचं?" किसननं सविताकडे बोट दाखवलं. "हिची अन् माही. दहा वर्सं झाले लग्नाले. तुम्हाले काय माहीत नाही? मंगळसूत्र तं दोन महिन्यांपासून तुमच्याच खिशात हाय की जी!"

माझा हात खिशाकडे गेला. तिथं ते होतं.

आणि तिसरी घंटा झाली.

दुसरा अंक निरोपाच्या प्रसंगानंच सुरू होतो. पडदा वर गेला. सोनी गाठोडं घेऊन उभी. हातात गुळाचा खडा घेऊन मी समोर. डोक्यात नुसता घुमणारा आवाज. कोणती बाजू, कोणता प्रकाश, काही कळत नव्हतं. ती वळली, केस मागे सारले, आणि माझ्याकडे बघितलं. खरं म्हणजे सोनीनं लखूकडे बघितलं. हे मला आज पहिल्यांदा दिसत होतं.

मी म्हटलं, "जाय सोनी. तांड्याले सांगीन, गूळ मी एकट्यानंच खाल्ला व्हता."

मागच्या रांगेत एक बाई हुंदका देऊन रडली. मग अशा टाळ्या, अशा शिट्ट्या, की पुढचं वाक्य बोलायला दोन मिनिटं थांबावं लागलं. विंगेतून किसन ओरडला, "आता घातलं सर दुःख! आता बराबर घातलं!"

आयुष्यातली ती माझी एकमेव दाद. आणि ती मिळाली तेव्हा मी अजिबात नाटक करत नव्हतो!

प्रयोग संपला. सगळे रंगमंचावर आले. पहिली गाठ मथरीबाईंची. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "जमाई-जमाई करून तोंड दुखलं माय! बाजारात मनलं तं लोक पाहून राह्यलते. पण सरचा नियम म्हणजे नियम! आता सर मनलं तं चालते ना जी?"

चालते, मी म्हटलं.

आणि तेवढ्यात बघतो तर काय, आई पायऱ्या चढून वर येतेय! हातात पिशवी! मी तिला डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली, दोन्ही हातांनी नको-नको केलं. मथरीबाईंना वाटलं मला चक्कर येतेय, त्यांनी खुर्ची आणली. आई माझ्याकडे न बघता सरळ सवितापाशी गेली. पिशवीतून साडी काढली. मी डोळे मिटून घेतले.

"ये गं बाई," आई म्हणत होती. "लेकीची ओटी भरते. आणि हे घाल आधी गळ्यात. मोहन, दे ते खिशातलं."

मी डोळे उघडले. आईनं हात पुढं केला होता. ती दोन लेकरं पहिला अंकभर तिच्याच शेजारी बसली होती ना! मला दोन महिन्यांत जे विचारायचं सुचलं नाही, ते तिनं त्यांना पहिल्या पाच मिनिटांत विचारलं होतं. तुझी आई कोण, बाबा कोण, राहता कुठं, आईचं मंगळसूत्र कुठं.

दुसऱ्या अंकातलं लग्न उरकून ते पुन्हा माझ्याच खिशात आलं होतं. मी मंगळसूत्र दिलं. ते किसननं सविताच्या गळ्यात घातलं, लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आईनं ओटी भरली. सविता आणि किसन दोघं वाकून आईच्या पाया पडले. साडीचा तो मोरपंखी रंग तिला इतका शोभत होता, की मी दुसरीकडे बघायला लागलो.

घरी जाताना ऑटोत मी विषय काढला.

"आई, ती साडी..."

"घडीवर विरायला आली होती. नेसणाऱ्या बाईला दिली." मग थोड्या वेळानं म्हणाली, "त्या नीलप्रभेच्या केसाचं तेल माहीत तुला. उशी कुठं घ्यायची ते माहीत. आणि या पोरीला दोन महिन्यांत, बाई तुझ्या घरी कोण कोण असतं, एवढं विचारवलं नाही?"

घर आलं. मी ऑटोवाल्याला पैसे दिले.

पुढच्या आठवड्यात मला पुन्हा पुसदला जायचं होतं. स्टँडवर गेलो तर बस तीच. किसन टायरला टिचकी मारून बघत होता. मला बघून धावत आला आणि हळूच म्हणाला, "सर, तुमच्या त्या लग्नाचं काय झालं?"

"मोडलं."

"मोडलं? काहून?"

"तिच्या घरून जमण्यासारखं नव्हतं."

किसनचा चेहरा लाल झाला. "घरून? कोण हाय घरी? नाव सांगा फक्त. मी सोता जातो अन् समजावतो त्या माणसाले!"

मी काही बोलायच्या आत त्यानं बसकडे तोंड करून हाक मारली, "अवं सविता, आयकलं का? सराचं लगन मोडलं!"

सविता दारात आली. खांद्याला मशीन, गळ्यात मंगळसूत्र. ती एवढ्या मोठ्यानं बोलली, की अख्ख्या स्टँडनं ऐकलं. "कोण येडी बाई हाय ते? एवढ्या चांगल्या माणसाले नाही म्हणते? डोळे फुटले का तिचे?"

मी चढलो आणि खिडकीपाशी बसलो. बाहेर पळस अजून फुललेला होता. ती तिकिटं देत देत माझ्यापाशी आली.

"कुठलं देऊ सर?"

काम पुसदला होतं. मी दिग्रसचं मागितलं.